लगीन कोनाचं? – महापालिकांना आणि भिंती रंगवणाऱ्या चित्रकार गटांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, शहर सुशोभीकरणाचं काम काढणाऱ्या सर्व महापालिका,
आणि भिंती रंगवणारे माझे चित्रकार मित्रमैत्रिणी

सप्रेम नमस्कार.

मी भिंती रंगवते. गेली १४ वर्षं आमचा एक छोटा गट उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणं, रुग्णालयांचे जिने, भुयारी मार्ग रंगवतो आहे. स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी जवळ आली की आमचे फोन वाजू लागतात. मुदत १५ दिवसांची असते आणि विषय बहुतेक वेळा एकाच शब्दात सांगितला जातो : ‘वारली’. या पत्रातली पहिली तक्रार माझ्याविरुद्धच आहे. तेव्हा ती आधी ऐकून घ्या, मग तुमच्याकडे वळते.

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या भुयारी मार्गाची भिंत आम्ही केली. गेरूच्या रंगाचा इमल्शन, त्यावर पांढरा ॲक्रिलिक. तारपा या वाद्याभोवतीचा नाचाचा फेर, भाताची आवणी, ताडावर चढणारा माणूस, बैलगाडी. मधोमध काहीतरी भारदस्त हवं होतं, म्हणून मी इंटरनेटवरून एक फोटो काढला आणि त्यावरून मोठा चौक उतरवला. नक्षीदार चौकट, आत देवी, बाजूला सूर्य-चंद्र, फणी, शिडी. सहा फूट बाय सहा फूट. माझी रेघ चांगली आहे, हे मला माहीत होतं. पाहायला येणारे अधिकारी त्या चौकापाशीच उभे राहून फोटो काढायचे.

बाजूला गटाराचं काम चाललं होतं. त्या कामावर जव्हारकडची काही कुटुंबं आली होती. दिवाळीनंतर भात झोडून झालं की शेकडो कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, त्यांतलीच ही. त्यांच्यातली एक बाई, माझ्या आईच्या वयाची, दुपारच्या सुट्टीत भाकरी खायला सावलीत यायची. ती बराच वेळ चौकाकडे पाहत होती. मग तिनं मला विचारलं, “लगीन कोनाचं?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, कोणाचं नाही, महापालिकेचं काम आहे. ती म्हणाली, “मंग देवी कशाला बसवली?” आणि तिनं चौकाच्या खालच्या कडेकडे पाहिलं. रंग अजून पुरता वाळलाही नव्हता, तरी तिथे पानाची पिंक पडली होती. ती रागावली नाही. डबा आवरून कामावर गेली. मी ओला बोळा घेऊन ती पिंक पुसली. पुसताना आपण काय काढून ठेवलं आहे याची पहिल्यांदा भीती वाटली.

ज्यांनी तो चौक शेकडो वेळा ‘मोटिफ’ म्हणून वापरला आहे, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. चौकातली देवी पालघाट आहे. झाडापेरांची, पिकाची, लेकुरवाळ्या संसाराची देवी. वारल्यांच्या घरी लग्न असलं की घराच्या भिंतीवर लग्नचौक लिहिला जातो. काढला नाही, लिहिला. हा शब्दही मी नंतर शिकले. तो लिहितात सवाशिणी आणि लग्न लावते धवलेरी. ती बाई असते आणि लग्नाची गाणी तिच्या तोंडी असतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. शेजारी दुसरा छोटा देवचौक असतो. त्यात पंचशिऱ्या देव. त्याला शीर नसतं, मानेतून धान्याचे कोंब फुटलेले असतात. म्हणजे आपण ज्याला सुंदर नक्षी समजून बसथांब्यामागे रंगवतो, ती वस्तुतः लग्नघरातली देवाची जागा आहे. तिला प्रसंग आहे, घर आहे, हात ठरलेले आहेत.

त्या बाईच्या नात्यातल्या एका मुलाशी ओळख झाली आणि पुढच्या लग्नसराईत मी त्यांच्या पाड्यावर गेले. कारवीच्या कुडाची भिंत, शेणानं सारवून वर गेरू फिरवलेला. करवंटीत तांदळाचं पीठ कालवलेलं. बांबूची काडी, टोकाशी चावून मऊ केलेली. चौघी जणी एकाच भिंतीवर लिहीत होत्या आणि चौघींच्या रेघा एकमेकींत अशा मिसळत होत्या की कोणाची कुठली ते सांगता येईना. एकीची रेघ वाकडी गेली. दुसरीनं बोट ओलं करून ती पुसली, पहिलीनं पुन्हा लिहिली आणि त्या दोघी काहीतरी बोलून खूप हसल्या. म्हातारी गात होती. एक कोंबडी सारखी पिठाकडे यायची आणि एक लहान पोर तिला हाकलायचं. मी फोन पिशवीत ठेवला. कोणी मनाई केली नव्हती. पण सहा फूट बाय सहा फुटांचा माझा चौक मला तिथे आठवला आणि हात पुढे गेला नाही.

आता कोणी म्हणेल, मग परंपरा बदलायचीच नाही का? बदलली आहेच की, आणि ती वारल्यांनी स्वतः बदलली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या परिसरात गेले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली आणि बायकांच्या हातची कला पुरुषाच्या हातात आली. लग्नाच्या विधीबाहेरच्या गोष्टी, मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, रेल्वे, रानातली वाट, त्यांच्या चित्रांत आल्या. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्या कागदावरून पुढे शेकडो घरांत रोजगार आला. तो बदल मोठा होता. पण काय कागदावर न्यायचं आणि काय भिंतीवरच ठेवायचं, हे ठरवणारा माणूस त्या पाड्यातला होता. माझ्या भुयारी मार्गात ते मी ठरवलं. कला तीच दिसते, पण ठरवणारा बदलला. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

आणि शाळेतल्या मुलीनं चित्रकलेच्या वहीत वारली माणसं काढली, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काढू दे. मी बोलते आहे ते सार्वजनिक भिंतीबद्दल आणि सार्वजनिक पैशाबद्दल.

आपल्या कामाची पद्धत पाहा. निविदेत चित्राचा दर चौरस फुटावर असतो. फरशीचाही असतो. काम एजन्सीला जातं, एजन्सी आमच्यासारख्या गटाला देते आणि आम्ही ‘अस्सलपणा’साठी डहाणू किंवा विक्रमगडहून दोन-तीन वारली चित्रकार तीन दिवसांसाठी बोलावतो. संकल्पचित्र आधीच मंजूर झालेलं असतं. त्यांनी फक्त भरायचं. एका कामात आमच्याच हजेरीपटावर मी त्यांची नावं ‘हेल्पर’च्या रकान्यात पाहिली. त्यातल्या एकाच्या चित्रांची प्रदर्शनं परदेशात झाली आहेत. भिंतीच्या कोपऱ्यात शेवटी काय लिहिलं? आमच्या गटाचं नाव आणि फोन नंबर. वर महापालिकेचं बोधचिन्ह. वारली कोणाचंच नाव नाही. जणू ‘वारली’ हा रंगाच्या डब्यावरचा शेड होता.

तीच गत तारप्याच्या फेराची. तारपा वाजवणाऱ्याला नाचणारे पाठ दाखवत नाहीत. तो वळेल तशी साखळी वळते, उलगडते, पुन्हा गुंडाळते. आपण शहरभर स्टेन्सिलनं जे गोल उमटवले आहेत, त्यांत वादक कुठेतरी बाहेर उभा असतो, नाचणारे त्याच्याकडे पाठ करून. काही ठिकाणी तो नसतोच. वाद्याशिवाय माणसं नाचताहेत! पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलालाही दिसेल अशी ही चूक मंजुरीच्या कुठल्याही टप्प्यावर कोणाला दिसली नाही, कारण त्या टेबलाभोवती वारली माणूसच नव्हता.

वेगळं करता येतं, याचा पुरावा आपल्या शेजारच्या राज्यात आहे. छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कोंडागावात मुंबईच्या चित्रकार नवजोत अल्ताफ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सूराम या कलाकारांबरोबर काम करत आल्या. त्यांचं सगळ्यात बोलकं काम म्हणजे नलपार, म्हणजे हातपंपाभोवतीची जागा. हातपंप सरकारी होते, भोवती चिखल असायचा, आणि बायकांना भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यावा लागायचा. या गटानं आधी चित्र काढलं नाही. पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलले. त्यातून असे ओटे बांधले गेले की हंडा मध्ये टेकवून मग डोक्यावर घेता येतो, पाणी साचत नाही, आणि भिंतींवर तिथल्या ओळखीच्या खुणा आल्या. ते शिल्प आहे आणि पाणवठाही आहे. मुलांसाठी त्यांनी ‘पिल्ला गुडी’ बांधल्या. मुलांनी जमायच्या, चित्रं काढायच्या, खेळायच्या जागा. मुंबईच्या चित्रकर्तीचं आणि कोंडागावच्या कलाकारांचं नाव तिथे बरोबरीनं घेतलं जातं.

मला नलपारचं आकर्षण त्यातल्या कमरेच्या उंचीसाठी आहे. हंड्याचा ओटा किती उंच हवा, हे आर्किटेक्टच्या टेबलावर कळत नाही, हंडा उचलणाऱ्या बाईला कळतं. आपल्या भिंतींनाही अशी उंची असते. ती आपण कधी कोणाला विचारलेली नाही.

भोपाळच्या विधानभवनात, चार्ल्स कोरिया यांच्या इमारतीत, जनगढसिंह श्याम यांनी भिंती रंगवल्या. पाटनगढचा हा परधान गोंड चित्रकार. त्याच्या शैलीला आज लोक ‘जनगढ कलम’ म्हणतात. भिंतीला माणसाचं नाव लागलं. आणि अगदी दूरचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातल्या पापुन्याचं घ्या. १९७१ मध्ये तिथल्या शाळेच्या भिंतीवर आदिवासी पुरुषांनी मधमुंगीचं चित्र काढलं. बाहेरच्या भिंतीवर, पोराबाळांसमोर काय दाखवायचं आणि काय नाही, यावर वडीलधाऱ्यांनी विचार करून मग खुणा ठरवल्या. तिथून एक मोठी चित्रचळवळ उभी राहिली. मूळ भिंत मात्र काही वर्षांतच रंग मारून बुजवली गेली. रंग मारणाऱ्यांनी विचार केला असता तर ती आज तिथे असती.

आयुक्त महोदय, तुम्हाला कायद्याची भाषा जवळची, म्हणून तेही सांगते. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यासाठी डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघानं अर्ज केला होता. १९९६च्या पेसा या आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. तुमची महापालिका त्या क्षेत्रात येत नाही, हे मला कळतं. पण चौक तिथून आला आहे, आणि त्याबद्दल विचारायचं कोणाला, हे त्या कायद्यानं सांगून ठेवलं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला त्याच्या कामावर त्याचं नाव लागण्याचा हक्क देतं. काम विकलं तरी तो हक्क जात नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सरकारच्या विरोधात निकाल दिला, अवशेष परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. भिंत सरकारची होती, तरी काम कलाकाराचं होतं. मग गंजाडहून आलेल्या चित्रकाराच्या हातचं काम पुढच्या सर्वेक्षणाला ‘नवीन थीम’ आली म्हणून एका रात्रीत पांढरं कसं होतं?

आता अवघड भागाकडे येते. आपण ‘आदिवासी समाजाबरोबर’ काम करू म्हणतो, पण विषय आपण देतो. स्वच्छता, बेटी बचाओ, मतदान. वारली चित्रकाराला भिंत खरोखर दिली तर तो काय लिहील?

कदाचित तो लग्नगडी लिहील. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलं आणि त्यापायी आयुष्यभर त्याच्या शेतात राबावं लागलं, असे वारली तरुण डहाणू-तलासरी-उंबरगाव भागात घरोघरी होते. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली उभे राहिले आणि वेठ व लग्नगडी मोडून काढली. त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं गेली. जो लग्नचौक आपल्याला आज प्रसन्न वाटतो, तो लिहिला गेला त्या कित्येक घरांत त्याच रात्री नवरा मुलगा गहाण पडला होता. कुठल्या शहराच्या भिंतीवर तुम्ही हे पाहिलं आहे?

किंवा तो आरेचं जंगल लिहील. मुंबईच्या पोटात आजही वारली पाडे आहेत, तिथे वाघोबा पुजला जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत तिथली २,०००हून अधिक झाडं तोडली गेली, तेव्हा पाड्यांतले लोक रस्त्यावर होते. शहरभर भिंतींवर पांढऱ्या रंगात झाडं काढणारी मी तेव्हा कुठे होते, हे मला अजून टोचतं. डहाणूचा चित्रकार वाढवणचं बंदर लिहील, बुलेट ट्रेनचे खांब लिहील. त्यानं भाताच्या खाचरात एक जेसीबी काढला, तर तुमचा शहर अभियंता ते बिल मंजूर करेल का? माझ्या गटातल्या लोकांनो, आपण तरी तो काढू देऊ का, की पुढचं काम जाईल म्हणून त्याला समजावत बसू? मी तीनदा समजावलं आहे. तिन्ही वेळा त्यानं ऐकलं. त्याला पैसे हवे होते.

कोणी वारली चित्र काढू नये, अशी मागणी मी करत नाही. मी ज्या वारली चित्रकारांना ओळखते, त्यांना बंदी नको आहे, काम हवं आहे. नीट काम. म्हणून मागणं साधं आहे. संकल्पचित्राच्या मंजुरीआधी त्यांना बसवा, नंतर नको. संकल्पनेचा मोबदला आणि हाताच्या कामाचा मोबदला वेगळा धरा, पहिला त्यांना द्या. चौरस फुटाचा दर चित्राला लावणं थांबवा, कारण रिकामी जागा सोडणं हाही त्यांचा निर्णय असतो, आणि आजच्या दरात रिकाम्या जागेचे पैसे मिळत नाहीत म्हणून प्रत्येक भिंत ठासून भरलेली दिसते. भिंतीवर नाव आणि पाडा लिहा, देवनागरीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. त्यांनी नाही म्हटलं तर ते नाही माना. पालघाट पायवाटेवर नको, असं सवाशिणी म्हणत असतील तर तो विषय संपला. बायकांना विचारा, हे मुद्दाम सांगते. चौक त्यांचा आहे, आणि आपल्या बैठकांना येणारे वारली चित्रकार बहुतेक पुरुष असतात. मुदत १५ दिवसांची असेल तर दुसरं काहीतरी रंगवा. शहरांकडे स्वतःच्याही गोष्टी आहेत.

शेवटी माझ्या भिंतीबद्दल. ती भिंत अजून आहे. रंग मळला आहे, खालची कड पिंकांनी तांबडी झाली आहे, पण चौक स्पष्ट दिसतो. गेल्या महिन्यात मी त्या शहराच्या आयुक्तांना लेखी विनंती केली की तो चौक बुजवायची मला परवानगी द्यावी. चित्र चांगल्या स्थितीत आहे, असं उत्तर आलं. ती परवानगी मी इथे पुन्हा मागते आहे. कलम ५७ खाली त्या भिंतीवर माझं नाव राहण्याचा जो काही हक्क असेल, तो मी सोडते. जागा मोकळी झाली की तिथे काय यावं, हे ठरवायला जव्हारकडच्या तीन बायका आणि दोन चित्रकार यायला तयार आहेत. त्यांच्या जाण्यायेण्याचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा खर्च आमचा गट करेल. त्यांनी ठरवलं की काहीच नको, तर भिंत कोरी राहील.

चुना, ब्रश आणि परांची आमची. रहदारी कमी असताना दोन रात्री पुरतील. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते आणि त्या ओलीत काम टिकत नाही, म्हणून उत्तर मेअखेर मिळावं.

आपली,
एक भित्तिचित्रकार